रिकाम्या काट्याचं वजन

१

खालापुराकडनं कर्जतला येताना, खदानीचा कच्चा रस्ता जिथं डांबरीला मिळतो, तिथं झहीरभाईंचा वजनकाटा हाय. काटा म्हंजे काय, तर गुडघाभर उंचीचा एक लांबलचक लोखंडी पाट. दोन्ही टोकांना चढ, बाजूला पत्र्याची केबिन. खडी भरलेला डंपर एका टोकानं चढतो, उभा राहतो, केबिनमधल्या कॉम्प्युटरवर आकडा येतो, डंपर दुसऱ्या टोकानं उतरतो. बास. ह्यात भ्यायचं काय हाय, असं कुणी विचारलं असतं तर हिरूनं त्याच्या कानाखाली वाजवली असती.

हिरू त्या काट्यावर बसायचा. माणूस नुसता हाडं आन् शिरा, पण तोंड असं की डंपरवाले त्याच्यासमोर बिडी विझवायचे. "आरं, तुज्या बापाचा पाट हाय का? उतर खाली! क्लीनरला बी उतरव!" दिवसभर हेच.

सकाळी आला की आधी पाट झाडायचा, मंग केबिनमधी जाऊन झिरो मारायचा. रिकाम्या काट्यानं झिरोच दाखवला पायजे. पण पाटावर दव पडतं, खडीचा चुरा पडतो, चिखलाचं ढेकूळ पडतं, आन् काटा दहा-वीस किलो उगाच दाखवतो. मंग एक बटण दाबायचं. दाबलं की वर जे काय असंल ते काटा सोडून देतो आन् तिथनं पुढं मोजतो. ह्याला झिरो मारणं म्हंतात. हिरूचं बोट दिवसातनं कितीदा त्या बटणावर जायचं, त्याचं त्यालाच ठाऊक नसायचं. खाज सुटली की माणूस खाजवतो, तसं.

जुना प्रोग्राम त्याला बरा वाटायचा. बटण दाबलं की आकडा द्यायचा, नाय दाबलं तर गप पडून राहायचा. पण तो मेला एक दिवशी उघडेचना. झहीरभाई म्हणाले, "हिरू, तुझी प्राची कॉम्प्युटर शिकते ना कर्जतला? बघ म्हणावं काय होतंय का." प्राचीनं नवाच प्रोग्राम करून आणला.

प्राची हिरूची एकुलती एक. तिच्यावर बी तो ओरडायचा. पण तिच्यावर ओरडला की त्याला जेवण जायचं नाय.

नव्या पडद्यावर वर एक मोठा हिरवा आकडा होता, म्हंजे सगळं मिळून वजन. त्याच्याखाली चार चौकटी. पाटाच्या चार कोपऱ्यांखाली वजन ओळखणारे चार ठोकळे बसवलेत, एकेका चौकटीत एकेका कोपऱ्याचा आकडा. आन् सगळे आकडे आपले आपण हलत होते.

"हे कोण हलवतंय?" हिरू म्हणाला.

"टायमर लावलाय, बाबा. दर सेकंदाला तो काट्याला विचारतो, वर काय हाय? काटा सांगतो. मंग जुना आकडा पुसायचा, नवा लिवायचा. तुला बटण दाबायला नको."

"आन् गाडी नसली तर?"

"तरी विचारतो."

"रिकाम्या काट्याला?"

"त्याला काय कळतंय गाडी हाय का नाय? त्याचं काम विचारायचं."

हिरूला हे पटलं नाय. "रिकाम्या घराच्या दाराशी उभं राहून कोण हाय, कोण हाय, असं कुणी करतं का? येडा प्रोग्राम."

प्राची हसली. "तू नाय का रस्त्यापासनं आईला हाका मारत येत?"

"ती घरात असती म्हणून मारतो!"

"झिरो मारलास तर वरचा आकडा झिरो होईल हां, बाबा. चौकटी नाय होणार. त्या जे हाय तेच सांगतात. कुठला ठोकळा बिघडला ते कळायला ठेवल्यात."

मंग कोपरे तपासले. नवीन काय बसवलं की तपासावेच लागतात. एकच वजन चारी कोपऱ्यांवर फिरवायचं, चारी कोपऱ्यांनी तेवढंच सांगितलं पायजे. वजनं नसली की ह्या भागात माणूसच फिरवतात. प्राची पाटावर चढली, हिरू आत पडद्यासमोर बसला. केबिनची काच बसवलेली, उघडत नाय, आन् बाहेर डंपरची घरघर, म्हणून आवाज पोचत नाय. आकडा बरोबर आला की आतल्यानं हात झाडायचा, म्हंजे पुढच्या कोपऱ्यावर जा. हिरू हात झाडत गेला, प्राची फिरत गेली. काटा दहाच्या टप्प्यानं बोलतो, त्याच्या मधलं त्याला कळत नाय. ज्या कोपऱ्यावर प्राची, त्या चौकटीत पन्नास. बाकी तिन्ही झिरो. चारी कोपरे चोख.

२

दुपारची गोष्ट. खदान जेवायला बंद. हिरू सुकट-भाकरीचं फडकं सोडून बसला होता. पत्रा उन्हानं तडतडत होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मान वर केली तर पडद्यावर पन्नास.

काचेतनं बघितलं. पाट रिकामा. कुत्रं असंल, पलीकडच्या कडेला निजलं असंल. पण पन्नास किलोचं कुत्रं? हिरू हात न धुताच उठला, पहार घेतली, पाटाला वळसा घातला. खाली वाकून बघितलं. लोखंड तापून हाताला चटका देत होतं. वर काय नाय, खाली काय नाय.

"मायला," असं म्हणून तो आत आला आन् त्यानं झिरो मारला. वरचा आकडा झिरो झाला. गुमान भाकरी तोडली. मंग त्याची नजर चौकटींवर गेली.

पन्नास होतं खदानीकडच्या लांबच्या कोपऱ्यात. आता तिथं चाळीस होतं, आन् शेजारच्या चौकटीत दहा. मंग तीस, वीस. मंग वीस, तीस. एका चौकटीतनं ओसरत होतं, दुसरीत भरत होतं. दर सेकंदाला थोडं. घास हातातच राहिला. ही चाल त्यानं बघितली होती. प्राची कोपरे बदलताना आकडे असेच चालले होते.

बाहेर पाटावर ऊन होतं. नुसतं ऊन.

पाणी असंल, त्यानं मनात म्हटलं. वायरीत पाणी शिरलं असंल. उंदरानं कुरतडली असंल. डोकं असं एकेक सांगत होतं आन् हिरू एकेकाला मान डोलवत होता. तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला, तो दचकला. परत बघितलं तर चारी चौकटी झिरो. आन् वरचा आकडा मायनस पन्नास.

आता हे मायनस हिरूला नवीन नव्हतं. ढेकूळ पाटावर असताना झिरो मारला आन् मागनं ढेकूळ झाडलं की तेवढा मायनस येतो. रोजचंच हाय. म्हंजे वर काहीतरी होतं, त्यानं ते सोडून दिलं होतं, आन् आता ते खाली उतरलं होतं.

त्यानं परत झिरो मारला. भाकरी कुत्र्याला टाकली.

३

रसायनीकडनं साईनाथ मेकॅनिक आला. त्यानं चारी कोपऱ्यांची झाकणं उघडली, वायरी बघितल्या, पाटाखाली पोटावर सरपटत गेला आन् कपडे झाडत बाहेर आला.

"ठणठणीत हाय, हिरूशेठ. पाणी नाय, उंदीर नाय."

"मंग पन्नास कुठनं येतं, तुजं डोंबल?"

"मी आल्यापासनं आलं का? नाय ना? सुकट जरा कमी खा. उन्हात चढती."

"साईनाथ, चेष्टा नको हां. पहार हाय इथं."

साईनाथनं हसत एका कोपऱ्याची वायर उपटली. पडद्यावर ती चौकट आडव्या रेघा मारून गप झाली. वायर परत लावली, झिरो आला. "हे बगा. वायर काढली तर मुकी. म्हंजे ती मनानं काय बोलत नाय. जे बोलती ते वरचंच वजन बोलती." एवढं बोलून तो चहा पिऊन गेला. धीर द्यायला म्हणून बोलला होता बिचारा.

त्यानंतर ते येतच राहिलं. गाड्यांची रांग असली की नाय. पाट रिकामा झाला, आवाज थांबला, की लांबच्या कोपऱ्यात पन्नास. मंग चालत चालत अलीकडं. आधी पाटभर फिरायचं. मंग फिरणं कमी झालं. येऊन एकाच कोपऱ्यावर थांबायला लागलं, केबिनच्या पायरीकडच्या. हा कोपरा काचेपासनं हातभर. हिरू बसल्या जागेवरनं हात लांब करंल आन् मधी काच नसंल, तर हात लागंल. त्या जागी त्याला समोरचा रस्ता दिसायचा, रस्त्यापलीकडचं कापलेलं भातशेत दिसायचं. ते सगळं नीट दिसायचं, हाच त्याला राग.

कुणाला सांगायचं? डंपरवाल्यांना सांगितलं तर उद्यापासनं पोरं त्याला 'भगत' म्हणून हाका मारतील. तो आपला झिरो मारायचा. ते उतरलं की मायनस, की परत झिरो.

पन्नास हा आकडा कुणाचा, हे त्याला पहिल्या दिवसापासनं ठाऊक होतं. पण ते तो मनात येऊच द्यायचा नाय. आलं की उठून रिकाम्या पाटाला शिव्या घालायचा.

४

सुट्टीच्या दिवशी प्राची डबा घेऊन आली. ओढणी डोक्याला गुंडाळलेली, हातात चिंचा. हिरू तिच्यावर तुटून पडला.

"तो टायमर बंद कर आधी."

"का रं बाबा? काय केलं त्यानं?"

"बंद कर म्हटलं ना! सारखं सारखं विचारत बसतो. कुणीतरी उत्तर देणारच मंग!"

प्राचीनं चिंच गालात ठेवून टायमर थांबवला. पडदा होता तसा राहिला. पायरीकडच्या चौकटीत पन्नास, बाकी झिरो.

"हे पन्नास कसलं?" तिनं विचारलं.

"पुस ते."

"पुसून काय? टायमर बंद म्हंजे शेवटचं उत्तर तसंच राहणार. आता वर काय हाय ते पडद्याला ठाऊक नाय."

दोघं तो थिजलेला आकडा बघत बसली. आधी आकडा हलायचा त्याची भीती होती. आता हलत नव्हता. ते तिथंच होतं, का उतरलं होतं, का वर आणखी काय चढलं होतं? काच तेवढी पुढं, काचेत ऊन. पायरी म्हंजे दोन दगडांवर टाकलेली एक फळी, माणूस चढला की ती कुरकुरायची. ती कुरकुरली.

हिरूनं पहार उचलून दार लाथेनं उघडलं. बाहेर धूळ, रस्ता, लांबवर एक टेंपो.

"चालू कर!" तो ओरडला. "चालू कर तो टायमर, प्राचे!"

तिनं चालू केला. चारी चौकटी झिरो. वरती मायनस पन्नास. हिरूनं लगेच झिरो मारला.

"अगं बाय," प्राची म्हणाली. "तू किती घाबरलायस. फळी उन्हानं वाजली, बाबा. आन् हा ठोकळा कुठंतरी अडकतोय. टायमर सेकंदाला एकदाच बघतो ना, मधलं निसटतं. मी त्याला भराभर विचारायला लावते. सेकंदाला दहादा. मंग कुठं अडकतंय ते दिसंल. फक्त फार भराभर विचारलं की पडदा कदी कदी गोठतो, तेवढं सांभाळ." तिची बोटं कीबोर्डवर चालली. "आन् पुन्हा कोपरे तपासू. मी फिरते, तू बघ."

"नको."

"का?"

प्राची हसली. तशी ती वाईट हसली नाय, बाप घाबरला म्हणून लाडानं हसली. पण हिरूचं डोकं सटकलं. जन्मभर लोकांना घाबरवत आलेला माणूस, पोरीनं घाबरलेला बघितला.

"मी घाबरतो? तुज्या प्रोग्रामात खोट हाय, ती आधी बघ! जा! ऱ्हा उभी त्या पाटावर! होऊन जाऊ दे एकदाचं!"

ती चिंचेची बी थुंकून बाहेर गेली.

५

धाऊचा डंपर खडी भरून आला होता. चढाच्या तोंडाशी इंजिन चालू ठेवून उभा. धाऊनं काचेतनं हात केला, प्राचीनं त्याला 'थांब' अशी खूण केली आन् ती पाटाच्या चढाकडं चालायला लागली.

ती अजून मातीतच होती तेवढ्यात पडद्यावर पन्नास आलं. लांबच्या कोपऱ्यात. वरचा आकडा बी पन्नास.

हिरूचं बोट गेलं. त्यानं नाय नेलं, बोट आपलं आपण गेलं. झिरो.

आन् त्याच घटकेला प्राचीनं पाटावर पाय ठेवला. आता वरच्या आकड्यात फक्त ती होती, पन्नास. दुसरं जे काय वर उभं होतं ते हिरूनं मोजणीतनं सोडून दिलं होतं.

चौकटी मात्र दोन भरल्या होत्या. एक प्राचीची, अलीकडच्या कोपऱ्याची. एक लांबची. लांबच्या कोपऱ्यावर काय नव्हतं, तिथनं पलीकडचा बाभळीचा बुंधा दिसत होता.

हिरूनं जोरात हात झाडला. जा, पळ, उतर.

प्राचीनं मान डोलवली आन् ती पुढच्या कोपऱ्यावर गेली.

आयला! ही खूण तर त्यानंच शिकवलेली. त्यानं दोन्ही हात झाडले. ती अजून पुढच्या कोपऱ्यावर गेली, आन् ज्या कोपऱ्यावरनं ती निघाली त्या चौकटीत पन्नास येऊन भरलं. ते तिच्या मागनं चाललं होतं. एक कोपरा मागं राहून. तिच्याच चालीनं, ती जेवढा वेळ घेती तेवढाच वेळ घेऊन. हिरूनं काचेवर मुठी आपटल्या. "उतर! प्राचे, उतर!" इंजिनच्या घरघरीत त्याचं ओरडणं त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नव्हतं. बाहेर ती हसली आन् तिनं बी हात हलवला.

शेवटचा कोपरा पायरीकडचा. ती येऊन उभी राहिली, काचेकडं पाठ करून. हातभर अंतर. ओढणीची गाठ दिसत होती, मानेवरचा घाम दिसत होता. कोपरे संपले म्हणून ती थांबली.

मागचं थांबलं नाय. पायरीकडच्या चौकटीत साठ झालं. सत्तर. नव्वद.

शंभरावर पडदा पांढरा पडला. भराभर विचारून विचारून गोठला. मधी ते गोल चक्कर फिरत राहिलं.

हिरूनं काचेतनं बघितलं. प्राचीनं मान वळवली, कुणीतरी कानाशी नाव घेतल्यासारखी. तिच्या तोंडावर भीती नव्हती. ओळखीचं माणूस अवचित भेटलं की कसं होतं, तसं होतं. मंग धाऊच्या डंपरनं धुराचा एक लोट सोडला आन् काच काळी झाली.

खुर्ची पायात आली, हिरू पडला, उठला. दाराशी पोचायच्या आधीच दार उघडलं. प्राची आत आली.

"झालं," ती म्हणाली. "चारी कोपरे बराबर हायत. बाबा, तुमी बसा."

पडदा परत चालू झाला होता. वर हिरवा झिरो. आन् पायरीकडच्या चौकटीत पन्नास.

६

जन्माला आल्यापासनं प्राचीनं बापाला कदी 'तुमी' म्हटलं नव्हतं.

ती त्याच्या खुर्चीत बसली. ओढणी तीच. गालावरचा लहानपणी शेगडीवर भाजल्याचा डाग तोच. हिरू भिंतीला टेकून उभा राहिला आन् पडद्याकडं बघत राहिला, कारण तिच्याकडं बघवत नव्हतं.

चौकटीतलं पन्नास आता पहिल्यासारखं चालत नव्हतं. पायरीकडं यायचं, कडेवर थरथरायचं, चाळीस, पन्नास, चाळीस. मंग धावत पलीकडच्या कोपऱ्याला. तिथनं परत. इतके दिवस जे यायचं ते मनात येईल तवा उतरून जायचं. ह्याला उतरता येत नव्हतं. दावं ताणून वासरू करतं, तसं ते कडेपर्यंत येऊन मागं जात होतं.

"प्राचे," हिरू पडद्याकडं बघूनच म्हणाला.

"काय, बाबा?" खुर्चीतली म्हणाली.

तिनं पडद्याकडं बघितलं. हसली नाय, दचकली नाय. "ह्या चौकटी कशाला ठेवल्यात? गाडीवाल्याला वरचाच आकडा लागतो. काढून टाकते."

"राहू दे," हिरू म्हणाला. ज्या माणसाच्या आवाजानं डंपरची इंजिनं बंद व्हायची, त्याचं 'राहू दे' चुलीतल्या राखेसारखं मऊ निघालं. तिचा हात धरायला त्यानं हात पुढं केला, पण तो हात तिच्यापर्यंत जाईना. बोटं कीबोर्डवर चालत होती, प्राची चालवायची तशीच. चौकटी एकेक करून गेल्या. पायरीकडची सगळ्यात शेवटी गेली. तोवर त्यातली ती धावतच होती.

पडद्यावर एक हिरवा झिरो उरला. त्याच्याकडं बघून कुणीबी म्हणालं असतं, काटा चोख हाय.

बाहेर धाऊनं हॉर्न मारला. गियर टाकल्याचा आवाज आला.

७

हिरू धावत जाऊन पाटावर चढला आन् डंपरच्या तोंडाशी आडवा उभा राहिला.

"ए हिरूदादा!" धाऊनं मुंडकं बाहेर काढलं. "मरायला दुसरी जागा नाय का?"

"गाडी मागं घे!"

"मागं कुठं घेऊ? मागं दोन गाड्या हायत!"

हिरूनं त्याच्याकडं पाठ केली. पायरीकडच्या कोपऱ्याकडं तोंड करून, लहान पोराला उठवताना बोलतात तसं तो हळू बोलला, "प्राचे. बाय. हायस का?"

काय नाय. ऊन. तापल्या लोखंडाचा वास. येडा झालास तू हिरू, त्यानं मनात म्हटलं. पोर आत खुर्चीत बसलीय.

मंग त्याच्या मुठीत हात आला. घामेजलेला, चिंचेनं चिकट झालेला.

त्यानं तो घट्ट धरला. बघितलं नाय, बघायला काय नव्हतंच. धरून तो पाटाच्या कडेला आला आन् खाली उतरायला लागला. त्याचा पाय मातीला लागला, पण हात वरच अडकला. ओढला. दोन्ही हातांनी ओढला. तो लहानसा हात बी जिवाच्या आकांतानं त्याला धरून होता, पण पाटाच्या कडेबाहेर एक बोट येईना. हिरू परत वर चढला. सोडून उतरता येत नव्हतं, घेऊन बी उतरता येत नव्हतं.

"दादा," धाऊचा आवाज आता बदलला होता. तो खाली उतरून आला होता. "कुणाचा हात धरून उभा हायस?"

"माजी पोर हाय वर! गाडी चढवू नको, धाऊ, पाया पडतो तुज्या, माजी पोर हाय!"

हिरू कुणाच्या पाया पडतो, हे तिथल्या कुणीच कदी ऐकलं नव्हतं. मागच्या गाड्यांचे ड्रायव्हर, क्लीनर, सगळे गोळा झाले. धाऊनं केबिनकडं बघितलं. पायरीवर प्राची उभी होती, ओढणीचं टोक तोंडाला लावून.

"ही काय, दादा, तुझी पोर," धाऊ म्हणाला.

"बाबांना ऊन लागलंय," ती म्हणाली. "सकाळपासनं असंच बोलतायत. जरा धरून खाली घ्या ना."

तिला कोण नाय म्हणणार? चौघांनी हिरूला धरलं. दोघांनी खांद्याला, दोघांनी पायाला. उचलला, आन् उचलेना.

"आयला," एक जण धापा टाकत म्हणाला. "वाळल्या काठीएवढा माणूस, वजन कसलं रं ह्याचं?"

"सोडू नको," हिरू सांगत होता. त्यांना नाय, मुठीला सांगत होता. "सोडू नको, बाय. सोडू नको."

चौघांनी जोर लावला. ओढत ओढत कडेपर्यंत आणला. आन् कडेच्या बाहेर नेला तसा हिरू एकदम हलका झाला. चौघं धडपडून मातीत पडले, हिरू त्यांच्यावर. मूठ अजून मिटलेली, आत काय नव्हतं.

तिघांनी त्याला दाबून धरला. एक जण डोक्यावर पाणी ओतत होता. धाऊ डंपरमधी जाऊन बसला.

जमिनीवर आडवा पडून हिरूला पाट डोळ्यांच्या रेषेत दिसत होता. वर खडीची बारीक धूळ होती, पिठासारखी. डंपरचं पुढचं चाक चढावरनं पाटावर आलं. त्या चाकाच्या पुढं, धुळीत, चपलेचा एक ठसा उमटला. आधी टाच, मंग पंजा. त्याच्यामागं दुसरा. मंग तिसरा. चाक पुढं येत होतं आन् ठसे मागं मागं जात होते, पाटाच्या दुसऱ्या टोकाकडं. शेवटच्या कडेला दोन ठसे जवळजवळ उमटले आन् थांबले.

डंपर बी थांबला. चाकाच्या आन् ठशांच्या मधी हातभर लोखंड उरलं होतं. हिरूला ओरडायचं होतं. पाणी नाकातोंडात गेलं होतं.

केबिनच्या पायरीवरनं प्राचीच्या गळ्यातनं हाक आली.

"अजून जरा पुढं घे रं दादा. मागचं चाक बाहेर राहिलंय."